पेपरात बाजू कोणाची घेऊ?

पत्राचा गोषवारा: वय २६, वनस्पतिशास्त्रासह बीएस्सी. गेली तीन वर्षं नागपुरातल्या एका अभ्यासिकेत बसून यूपीएससी आणि राज्यसेवेची तयारी. घर शहरापासून तासाभरावर, एका औष्णिक वीज केंद्राजवळच्या गावात. वडील तिथेच कंत्राटी कामगार आहेत, त्यांच्या पगारातूनच अभ्यासिकेची फी आणि खोलीचं भाडं जातं. टेस्ट सिरीजमध्ये ‘हवामान न्याय’ या विषयावर १५ गुणांचा प्रश्न आला. तिने आईच्या पापडांवर बसणाऱ्या राखेबद्दल लिहिलं. मिळाले ४, आणि लाल शाईत शेरा: ‘भावनिक. संतुलन हवं.’ तेव्हापासून ती उत्तरात फक्त कायद्यांची नावं आणि वर्षं लिहिते, पण ती पाठ राहत नाहीत. ती विचारते: पेपरात बाजू कोणाची घेऊ? ज्या केंद्राच्या पैशावर मी शिकते, त्याच्याविरुद्ध लिहिणं अप्रामाणिक नाही का? विधी हा वैकल्पिक विषय घेऊ का? की हे सगळं सोडून सरळ लोकांमध्ये काम करू?

पत्रात तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’ म्हणते. त्या उत्तराचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस, नाहीतर मी नुसती समजूत काढत बसले असते. उत्तर मी तीनदा वाचलं.

तुझं पहिलं वाक्य असं आहे: ‘आई सकाळी गच्चीवर पापड घालते आणि दुपारी ते उलटवताना तिच्या बोटांना करडा थर लागतो.’ अगं, हे वाक्य उत्तम आहे. त्यात वेळ आहे, जागा आहे, बोटाला लागलेला रंग आहे. ही साक्ष आहे. मी बरीच वर्षं कायदा शिकवला. साक्षीदाराकडून असं एक वाक्य मिळवायला वकिलाला किती फिरवून फिरवून विचारावं लागतं, ते मी पाहिलं आहे.

गडबड त्याच्या पुढे आहे. पुढच्या सहा ओळींत ‘सरकारला गरिबांचं काही पडलेलं नाही’, ‘न्याय कधी मिळणार?’ असं येत राहतं. कोणाचं कर्तव्य चुकलं, कोणता नियम मोडला, दाद कुठे मागायची, यातलं एक अक्षर नाही. तपासणाऱ्यांनी शेरा अख्ख्या उत्तरावर मारला, तू तो पापडावर घेतलास. पापड काढून टाकलेस आणि त्या जागी कायद्यांची यादी आणून ठेवलीस. पापड राहू द्यायचे होते, खालच्या सहा ओळी बदलायच्या होत्या.

आणखी एक चूक आहे, ती शेऱ्यात आलेली नाही, पण तपासणाऱ्यांना ती खटकली असणार. प्रश्न हवामान न्यायाचा होता आणि तू प्रदूषणाचं लिहिलंस. राख गावावर पडते, त्या गावापुरती. त्याच चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. पहिला प्रश्न पर्यावरणीय न्यायाचा, दुसरा हवामान न्यायाचा. दोन्ही एकाच घरात कुठे भेटतात, ते तुला माहीत आहे, पण तू लिहिलं नाहीस. तुझे बाबा मे महिन्यात ४५ अंशांत दुपारची पाळी करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याच्या खिडकीत वाळ्याचा कुलर आहे त्याची दुपार वेगळी आणि ज्याला पत्र्याखाली उभं राहायचं आहे त्याची वेगळी. वीज शहरात येते, राख गावात राहते, आणि वाढत्या उन्हाचा चटका सगळ्यांत जास्त त्यालाच बसतो ज्याने ती वीज सगळ्यांत कमी वापरली. हे तीन धागे एका वाक्यात बांधलेस की हवामान न्यायाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

हाच हिशेब देशांमध्ये मांडला की आंतरराष्ट्रीय कायदा सुरू होतो. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४ टन. म्हणून १९९२ च्या रिओ परिषदेपासून ‘जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही’ हे तत्त्व आलं. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, हवामान बदलाने होणाऱ्या हानी आणि नुकसानीसाठी वेगळा निधी मान्य झाला. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसित देशांनी विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट ठरलं आणि ते फार अपुरं आहे असं भारताने तिथेच सांगितलं. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांवरचं कायदेशीर बंधन आहे. हे मत मागण्याचा खटाटोप सुरू केला वानुआतू या चिमुकल्या बेटांच्या देशाने. पण लक्षात ठेव, जे माप आपण अमेरिकेला लावतो, तेच देशाच्या आत, शहर आणि गाव यांनाही लावता येतो. चांगलं उत्तर तिथपर्यंत येतं. बहुतेक उत्तरं विमानतळावरूनच परत जातात.

आता संतुलनाबद्दल, कारण तुझं पेन तिथेच अडलं आहे. संतुलन म्हणजे कोणाचीच बाजू न घेणं, असं तू धरून चालली आहेस. मग ‘विकासही हवा, पर्यावरणही हवं’ हे वाक्य येतं, जे लिहिणाऱ्यालाही पटलेलं नसतं आणि वाचणाऱ्यालाही नाही.

जरा डोळ्यासमोर आण. तुझ्याच गावासारखं गाव, मंडप घातलेला, समोर खुर्च्या. एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (ईआयए) अधिसूचनेनुसार ती भरवतं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, पण अध्यक्षस्थानी असतात जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, तोही अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी होते. चित्रीकरण होतं. आणि शेवटी, जे जे बोललं गेलं त्याचा गोषवारा लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. मगच त्या इतिवृत्तावर जिल्हाधिकाऱ्यांची सही होते.

तू ज्या खुर्चीसाठी तीन वर्षं रात्री जागते आहेस, ती हीच खुर्ची आहे.

त्या दिवशी माइकसमोर तुझी आई येईल आणि राखेचं सांगेल. तिच्यामागे तुझे बाबा येतील आणि म्हणतील, साहेब, हे बंद झालं तर आमची चूल बंद होईल. खुर्चीतल्या अधिकाऱ्याला प्रकल्पाचा निकाल द्यायचा नसतो, तो पुढे तज्ज्ञांच्या समितीकडे आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे जातो. त्याचं काम हे की कोणाचाही शब्द सांडू नये, आणि ज्याच्या म्हणण्याला जेवढं वजन आहे तेवढं ते कागदावर उतरावं. दोघांना बरोबर पाच-पाच ओळी दिल्या म्हणजे झालं, असं नाही. एकीचा श्वास आणि एखाद्याची सोय यांना समान जागा देणारं इतिवृत्त अन्यायच करतं. तुझ्या उत्तरात मला ही नोंद हवी आहे: कोणाला काय भोगावं लागतं, कायदा त्याबद्दल काय म्हणतो, कायदा कुठे कमी पडतो, आणि अधिकारी म्हणून उद्या सकाळी काय करता येईल. यात बाजू आपोआप घेतली जाते, आणि ती पुराव्याने घेतली जाते.

बाबांबद्दल लिहिताना तुझं अक्षर बारीक झालंय. ‘ज्यांच्या पैशावर शिकते त्यांच्याविरुद्ध’ असं तू म्हणतेस. बाबांनी पगार घेतला तो घामाचा, राखेची परवानगी म्हणून नाही. आणि तू कोणाविरुद्ध लिहिते आहेस? कामगाराच्या आणि गावाच्या हिताची लढत लावून देणारी मांडणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की घरातल्या घरात आपण ती खरी मानतो. हवामानावरच्या पॅरिस कराराची प्रस्तावना काढून बघ. त्यात कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाची निकड स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे, म्हणजे कोळशाकडून दुसरीकडे जाताना कोळशावर जगणाऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही. तुझे बाबा त्या प्रस्तावनेत आहेत. गंमत पुढे आहे: त्याच प्रस्तावनेत ‘हवामान न्याय’ हे शब्द अवतरणचिन्हांत येतात आणि ‘काहींच्या दृष्टीने’ महत्त्वाची संकल्पना अशा शब्दांत. ‘काहींच्या’ या एका शब्दात त्या वाटाघाटींची सगळी ओढाताण आहे. हे मूळ वाक्य वाचलेल्या मुलीचं उत्तर गठ्ठ्यात वेगळं दिसतं.

कायदे पाठ राहत नाहीत याचं मला नवल वाटत नाही. १९७२, १९७४, १९८०, १९८१, १९८६, २००२, २००६, २०१० ही वर्षं नुसती लिहिली तर कुलूपाचा नंबर वाटतो. प्रत्येक कायद्यामागे कोणीतरी मेलेलं, उठवलेलं किंवा लढलेलं असतं. तिथून सुरुवात कर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला, तेव्हा केंद्र सरकारच्या हातात एकत्रित अधिकार देणारा कायदा नव्हता, म्हणून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यानंतर दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या खटल्यात धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असते हे ठरलं. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात ‘आधी खबरदारी’ आणि ‘घाण करेल तो भरेल’ ही तत्त्वं आपल्या कायद्याचा भाग मानली गेली. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याने ती कलम २० मध्ये लिहूनच टाकली. आता साखळी तयार झाली, वर्षं आपोआप जागेवर बसतात.

मग प्रत्येक कायद्याला चार प्रश्न विचार: इजा कोणाला, हक्क कोणता, कर्तव्य कोणाचं, दाद कुठे. तुझ्या राखेला विचारून बघू. इजा गावाला, त्यातही घर आणि अंगण सांभाळणाऱ्या बायकांना. हक्क घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याचा, ज्यात स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात वाचला गेला. कर्तव्य वीज केंद्र चालवणाऱ्यांचं: ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार सगळी राख वापरात आणायची, आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई. दाद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि हरित न्यायाधिकरणाकडे. न्यायाधिकरणाचं महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे, म्हणजे नागपूरहून सातशेच्या आसपास किलोमीटर. अर्ज करायची मुदत घटना घडल्यापासून सहा महिने, कारण पटलं तर आणखी ६० दिवस. अर्जदाराला वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं, पण रोजंदारी बुडवून पुण्याला कोण जाईल? हा शेवटचा प्रश्नच न्यायाचा प्रश्न आहे. तुझ्या त्या सहा ओळींच्या जागी हे आलं असतं तर पापडाचं वाक्य भावनिक वाटलं नसतं, उत्तराचा पाया वाटला असता.

उदाहरणं दिल्लीतून आणू नकोस, विदर्भ भरलेला आहे. ‘झुडपी जंगल’ घे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातला हा शब्द, खुरटी झुडपं असलेल्या, गुरं चारायच्या जमिनींसाठी. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगल म्हणजे शब्दकोशात आहे ते जंगल असा अर्थ लावला, आणि आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत पेच पडला. या जमिनींवर घरं होती, शाळा होत्या, सरकारी कचेऱ्या होत्या. २२ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की झुडपी जमिनी वनजमिनीच आहेत, पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्र सरकारच्या मंजुरीने नियमित होण्याची वाट ठेवली. जंगलही राखायचं आणि तीस-चाळीस वर्षं राहणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्परही काढायचं नाही. तू जे संतुलन शोधते आहेस, ते इथे एका निकालात उघडं पडलं आहे. त्यात काय सुटलं, कोणाला अजून त्रास होईल, हेही लिही.

तसंच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. वनहक्क कायदा २००६ चा, आणि सामूहिक वनहक्क २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला मिळाला. देशात या कायद्याखाली तो मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत ते येतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिच्याशेजारी सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा नियमगिरीचा निकाल ठेव, ज्याने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि ओडिशातल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. ग्रामसभेचं मत कायद्यात किती वजनाचं, हे या दोन गोष्टींतून कळतं.

आणि एक निकाल मूळातून वाच, थोडाथोडा का होईना: २१ मार्च २०२४ चा, रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार. माळढोक वाचवायला विजेच्या तारा जमिनीखालून न्या, असा आदेश न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या पट्ट्यात हे केलं तर सौरऊर्जा अडेल. न्यायालयाने आपलाच आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली आणि सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ (समानता) आणि २१ मधून येतो. इथे दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच आहेत. मला या निकालात माळढोकाची बाजू थोडी हलकी पडली असं वाटतं. तुला वेगळं वाटेल, वाटू दे, पण कारण लिही.

एक सावधगिरी. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेलं, अशी बातमी सगळीकडे फिरली. हवामान खात्याने नंतर सांगितलं की तो स्वयंचलित यंत्राच्या सेन्सरचा दोष होता. ऊन आपलं, म्हणून आकडा तपासायचा नाही असं करू नकोस. उलट आपल्या दुःखाचा आकडा जास्त कसून तपासावा, तो एकदा खोटा ठरला की खरं दुःखही कोणी ऐकत नाही.

विधी वैकल्पिक घेऊ नकोस. पर्यावरणाच्या ओढीने तू तिकडे वळते आहेस, पण त्या दोन पेपरांत घटनात्मक आणि आंतरराष्ट्रीय कायदा, गुन्हे, अपकृत्यं, करार असा डोंगर आहे. पर्यावरणाचा वाटा त्यात लहान. एलएलबी न करता तो डोंगर चढायला दीड वर्ष जाईल. तुझं वनस्पतिशास्त्र हातात आहे. त्याच पदवीवर भारतीय वनसेवेलाही बसता येतं, तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते. एमपीएससीतून वनसेवेचा रस्ता आहेच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे यूपीएससीसाठी घटवलेला हात इथेही चालतो. आणि नागरी सेवा व राज्यसेवा, दोन्हीकडे मराठीत लिहिता येतं. तुझं मराठी चांगलं आहे, ते वापर.

सोडून लोकांत काम करू का, या प्रश्नावर मी तुला अडवणार नाही, पण हा प्रश्न ४ गुण मिळाल्याच्या आठवड्यात आला आहे, एवढं लक्षात घे. रागात घेतलेला निर्णय रागाएवढाच टिकतो. आणखी किती प्रयत्न द्यायचे ते आत्ताच ठरव, आकडा कागदावर लिही आणि घरी सांग. बाबांना आकडा कळला की त्यांचाही जीव थोडा खाली बसेल. तोवर लोकांपासून तुटून राहायचं कारण नाही. जवळपास कुठे जनसुनावणी लागली तर जाऊन मागच्या रांगेत बस. तिची सूचना वर्तमानपत्रात येते, त्यात एक प्रादेशिक भाषेतलं असतंच. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत तो वाचायला ठेवलेला असतो. ‘अभ्यासिकेत कुलरखाली बसून गरिबीवर लिहिते’ ही टोचणी मला कळते. ती राहू दे. पण तिच्यामुळे पुस्तक मिटू नकोस, कारण त्या मंडपातल्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच आहे, आणि त्याने राखेचा थर बोटाला लागलेला पाहिलेला असेल की नाही, याने फरक पडतो.

आता या रविवारी घरी जाशील तेव्हा एक कर. आईला स्वयंपाकघरात आणि बाबांना अंगणात, वेगवेगळं गाठून, तोच एक प्रश्न विचार: हे केंद्र आपल्या गावात नसतं तर? मध्ये बोलू नकोस. आई ‘काय विचारून राहिली बाई ही’ म्हणेल, थांब, पुढे बोलेल. दोघांचं म्हणणं २५० शब्दांत, इतिवृत्तासारखं लिहून काढ, घड्याळ लावून, अकरा मिनिटांत. मग रात्री जेवणं झाल्यावर ते दोघांसमोर मोठ्याने वाच, आणि विचार, कोणाचं काही सुटलं का.